गंज लोखंड खातो, मग ऑक्साइडचाच थर त्याला राखतो कसा?

किहीमचा_वारा
नमस्कार मंडळी. मी एका खतकारखान्यात अमोनिया विभागात आहे, नोकरी अजून नवी आहे. येत्या शटडाउनला कन्व्हर्टरचा (ज्या भांड्यात अमोनिया बनतो त्याचा) कॅटॅलिस्ट, म्हणजे क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ, बदलायचाय, त्याचे ड्रम येऊन पडलेत. माल दोन प्रकारचा आहे. एक साधा, म्हणजे मॅग्नेटाइट (लोखंडाचं काळं ऑक्साइड) वितळवून, त्यात थोडं ॲल्युमिना, पोटॅश, चुना घालून, थंड करून फोडलेले खडे. दुसरा 'प्री-रिड्यूस्ड', म्हणजे उत्पादकाने आधीच हायड्रोजन फिरवून ऑक्सिजन काढून टाकलेला. दोन्ही काळे खडेच, शेजारी ठेवले तर मला तरी फरक सांगता येणार नाही.

आमचे एक सीनियर म्हणाले, "हा दुसरा हवेत धरला की लालबुंद व्हायला हवा. वरून ऑक्साइडचं पातळ कवच दिलंय म्हणून गप्प बसलाय."

इथेच मी अडकलो. आमच्या भागात दोन पावसाळ्यांत खिडकीचे गज सोलपटतात. तिथे ऑक्साइड लोखंडाला खातं, ड्रममध्ये मात्र तेच राखणदार. लोखंड तेच, ऑक्सिजन तोच. मग फरक नेमका कुठे पडतो? पुस्तकात 'पॅसिव्हेशन' असा एक शब्द टाकून पुढे जातात. नीट समजावून सांगणारं कुणी आहे का इथे?

भातुकली
आमच्या बिडाच्या तव्यावरचा काळा थर हाच ना? आजीचा तवा आहे, गंजाचं नाव नाही.

ऐरण
@भातुकली, तव्यावरचा थर मुख्यतः तेलाचा. तेल तापून तापून घट्ट होतं आणि लोखंडाला धरून बसतं. खाली थोडं काळं ऑक्साइड असतं, पण पाणी अडवायचं काम तेलाचा थर करतो. म्हणून चिंच किंवा टोमॅटो शिजवलं की तो उतरतो आणि परत तेल लावून तापवावं लागतं.

धाग्याच्या विषयाबद्दल: आमचं वर्कशॉप आहे, वडील छिन्न्या-पटाशी करायचे. पाणी दिल्यावर (तापवून पाण्यात विझवल्यावर) घासून चकचकीत केलेलं पोलाद परत हळूहळू तापवलं की रंग चढतात. आधी फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. हा सगळा ऑक्साइडचाच थर आहे. जाडी वाढेल तसा उजेड वेगळा परततो आणि रंग बदलतो. थर्मामीटर नव्हता तेव्हा वडील याच रंगावर धार ठरवायचे. पण तेच पोलाद भट्टीत लाल होईपर्यंत ठेवलं तर वर कीट धरतं आणि घणाच्या एका घावात पापुद्रे उडतात. म्हणजे पातळ असेपर्यंत चिकटून, जाड झालं की सुटं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात असावं.

अणुरेणू
ऐरण यांनी अगदी मुळावर बोट ठेवलंय. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा माझा आवडीचा विषय आहे आणि वर्गात याला दहा मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

लोखंडाचा ताजा पृष्ठभाग हवेला उघडा केला तर क्षणार्धात त्यावर ऑक्साइड येतं. कोरड्या हवेत, साध्या तापमानाला, ते काही नॅनोमीटरपर्यंत वाढतं आणि जवळजवळ थांबतं. थांबतं कारण पुढे वाढायचं तर लोखंडाच्या आयनांना (विद्युतभारित कणांना) त्या थरातून पलीकडे जावं लागतं. थर अगदी पातळ असताना त्याच्या दोन बाजूंमधलं विद्युत क्षेत्र आयनांना ओढून नेतं. जाडी वाढली की हे क्षेत्र क्षीण होतं, आणि थंड तापमानात नुसत्या उष्णतेच्या जोरावर आयन पुरेसे हलत नाहीत. कॅब्रेरा आणि मॉट यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी याचं गणित मांडलं.

आता पाणी आणा. पाणी आलं की लोखंडाला घन थरातून वाट काढायची गरज उरत नाही. ते पाण्यात विरघळतं, थोडं दूर जातं आणि तिथे हायड्रॉक्साइड होऊन बसतं. म्हणजे गंज जिथे तयार होतो तिथे त्याची गरजच नसते. तो पोकळ आणि पाणी धरून ठेवणारा असतो, आणि त्याखाली लोखंड उघडंच राहतं. समुद्राकाठच्या हवेतला क्लोराइड उरलासुरला पातळ थरही जागोजाग फोडतो. किहीमचे गज असे जातात.

त्यामुळे 'तेच ऑक्साइड' हे म्हणणंच मला पटत नाही. एक पृष्ठभागावर, घन अवस्थेत, घट्ट विणलेलं. दुसरं पाण्यातून खाली बसलेला गाळ.

हे कोडं जुनं आहे बरं का. लोखंड सौम्य नायट्रिक आम्लात फसफसून विरघळतं, पण तीव्र आम्लात बुडवलं तर ढिम्म राहतं, हे जेम्स कीर याने १७९०मध्ये नोंदवलं. १८३६मध्ये शोनबाइन आणि फॅरेडे यांचा यावर पत्रव्यवहार झाला. पृष्ठभागावर ऑक्साइडसारखं काहीतरी असणार, हा फॅरेडेचा तर्क तेव्हाचा. तो थर डोळ्यांना दिसत नाही, लोखंड चकचकीतच राहतं, त्यामुळे वाद पुढे खूप वर्षं चालला.

शिलालेख
या चर्चेत दिल्लीचा लोहस्तंभ आल्याशिवाय कसा राहील! चंद्रगुप्त दुसरा याच्या काळातला, सोळाशे वर्षांचा, सात मीटरपेक्षा उंच, सहा टनांहून जड. आजच्या पोलाद कारखान्यांना जमणार नाही असं काम. ते ज्ञान आपण गमावलं याचं फार वाईट वाटतं.

अणुरेणू
शिलालेख, स्तंभाबद्दलचा तुमचा आदर माझाही आहे, पण 'आज जमणार नाही' हे मान्य नाही. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्या लोखंडात फॉस्फरस सुमारे पाव टक्का आहे, आजच्या पोलादाच्या कितीतरी पट. भिजणं आणि सुकणं आलटून पालटून होत राहिलं तसा लोखंडाला लागून फॉस्फेटचा घट्ट थर साचत गेला आणि त्याने पुढचं गंजणं अगदी मंद केलं. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला होती.

आज फॉस्फरस मुद्दाम काढतात, कारण त्याने पोलाद थंडीत ठिसूळ होतं. आणि हवामानाला टिकणारं कॉर्टेन पोलाद अमेरिकेत १९३०च्या दशकात आलं. त्यात तांबं, क्रोमियम आणि फॉस्फरस यांच्या मदतीने गंजाचाच थर घट्ट करून घेतात.

शिलालेख
फॉस्फरसचं माहीत होतं, थंडीतल्या ठिसूळपणाचं नव्हतं. तरी माझा मुद्दा थोडा शिल्लक आहे. त्या लोहारांनी एवढा मोठा स्तंभ गोळ्याला गोळा जोडत घडवला, ही कारागिरी विसरली जाऊ नये.

ऐरण
यावर दुमत नाही. सहा टन लोखंड घणाखाली जोडणं म्हणजे काय, ते ऐरणीवर उभं राहिल्यावर कळतं.

बॉयलरवाला
आमच्याकडे तर रोजची भाकरीच या थरावर आहे. बॉयलरच्या नळ्या आतून काळ्या असायला हव्यात. तो काळा म्हणजे मॅग्नेटाइट. गरम पाण्याशी लोखंडाची क्रिया होऊन तो बनतो, हायड्रोजन सुटतो. नवीन बॉयलर सुरू करताना आधी अल्कलीने उकळून तेल-ग्रीस काढतात, मग आम्लाने धुतात, आणि लगेच पॅसिव्हेट करतात, म्हणजे हा थर मुद्दाम वाढवतात. पुढे पाण्याचा पीएच नऊच्या वर ठेवायचा, डीएरेटर (पाण्यातली हवा काढणारं यंत्र) नीट चालवायचा, एवढी राखण केली की नळ्या वर्षानुवर्षं टिकतात. आत लाल दिसलं की माझी झोप उडते.

पण एक धोका लोकांना माहीत नसतो. वाहतं पाणी हा थर विरघळवून नेऊ शकतं. साधारण १५० अंशांच्या आसपास, ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या पाण्यात, कोपऱ्यावर किंवा ऑरिफिसच्या (पाइपमधल्या अरुंद भोकाच्या) पुढे जिथे पाणी घुसळतं तिथे थर जेवढा बनतो तेवढाच जातो आणि पाइप आतून गुळगुळीत पातळ होत राहतो. बाहेरून काहीच कळत नाही. अमेरिकेत सरी अणुवीज केंद्रात १९८६मध्ये असा पाइप फुटला, चार कामगार गेले. जपानमध्ये मिहामाला २००४मध्ये पाच जण गेले. तिथला पाइप मूळ १० मिलिमीटर जाडीचा, फुटला तिथे दीड मिलिमीटरपेक्षाही कमी उरला होता, आणि ती जागा तपासणीच्या यादीतून सुटलेली होती. दोन्ही ठिकाणी पाइप साध्या कार्बन पोलादाचे होते. पोलादात टक्का-सव्वा टक्का क्रोमियम असलं तरी हा त्रास जवळजवळ संपतो.

म्हणून किहीमचा_वारा, थर 'आहे' एवढ्यावर थांबू नका. तो कुठल्या पाण्यात, किती वेगात, किती तापमानाला आहे हे विचारत राहा.

विटासळई
बांधकामाकडून एक भर. काँक्रीटमधली सळई याच कारणाने टिकते. सिमेंटच्या पाण्याचा पीएच साडेबारा-तेरा, त्यात सळईवर पातळ थर आपोआप बनतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत गेला की पीएच नऊच्या खाली उतरतो आणि थर जातो. समुद्राकाठी त्याआधीच क्लोराइड पोचतो. मग गंज सळईच्या मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फुटतं. मुंबईत स्लॅबचे पोपडे पडलेले दिसतात, त्यातले बरेचसे यामुळे. गिलावा मारून ते बरं होत नाही. मागची सळई साफ करून, कव्हर (सळईवरचं काँक्रीट) परत नीट करावं लागतं. लोकांना हे सांगून सांगून घसा बसतो.

भातुकली
आमच्या सोसायटीत दरवर्षी गिलावाच मारतात. हा प्रतिसाद छापून नोटीस बोर्डावर लावते.

ऱ्हाइनकाठ
मी जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या जवळ राहते. ऱ्हाइन नदीच्या याच काठाला ओपाऊ आहे, जिथे सप्टेंबर १९१३मध्ये अमोनियाचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. किहीमचा_वारा ज्या ड्रमांबद्दल लिहितायत त्यांचं घराणं इथलंच. अमोनियाची ही पद्धत शोधणाऱ्या फ्रिट्झ हाबरने आधी ऑस्मियम आणि युरेनियम वापरलं होतं, पण ऑस्मियम जगात होतंच किती! बीएएसएफ या रसायन कंपनीत आल्विन मिटाश यांच्या गटाने १९१२पर्यंत अडीच हजारांच्या आसपास पदार्थ साडेसहा हजार चाचण्यांमध्ये तपासले. शुद्ध लोखंड लवकर मरायचं. स्वीडनच्या गेलिवारे खाणीतलं मॅग्नेटाइट मात्र अनपेक्षितपणे चांगलं चाललं, आणि त्यातली 'भेसळ'च कामाची आहे हे तिथून उलगडत गेलं. ॲल्युमिना लोखंडाचे कण एकमेकांत मिसळू देत नाही, पोटॅश पृष्ठभागाला नायट्रोजन तोडायला मदत करतं. हे प्रत्यक्ष पृष्ठभागावर कसं घडतं ते गेरहार्ड एर्टल यांनी दाखवलं, २००७चं नोबेल त्यांना मिळालं. शंभर वर्षांहून अधिक काळ झाला, तरी जगातला बराचसा अमोनिया याच जातीच्या खड्यांवर बनतो. मला हे फार मोठं वाटतं.

किहीमचा_वारा
सगळ्यांचे मनापासून आभार. अणुरेणू सर, घन थर आणि पाण्यातला गाळ हा फरक डोक्यात बसला. पण एक शंका आहे. पातळ थर आपोआप येऊन थांबत असेल, तर प्री-रिड्यूस्ड माल हवेत पेटायला का हवा? तोही थर घेऊन शांत बसायला हवा ना? लोखंडाचा खिळा पेटत नाही.

दर्यावर्दी
मी जहाजावर असतो. आमच्याकडे स्पंज आयर्नचा माल येतो तेव्हा पोटात गोळा येतो. तेही हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडने ऑक्सिजन काढलेलं सच्छिद्र लोखंड. ओलं झालं की हायड्रोजन सोडतं, आपोआप तापतं, आणि होल्डमध्ये (जहाजाच्या मालकोठीत) एकदा तापायला लागलं की पाणी मारून विझवण्याचा प्रयत्न आग वाढवतो. २००३मध्ये त्रिनिदादहून इंडोनेशियाला निघालेलं 'अ‍ॅडमॅन्डस' जहाज याच मालापायी रियुनियन बेटाजवळ धोक्यात आलं, शेवटी फ्रेंचांनी ते स्फोटकं लावून बुडवलं. म्हणून आता असा माल अक्रिय वायूखाली नेतात. खिळा आणि हा माल यात काहीतरी मोठा फरक आहे एवढं मी खात्रीने सांगतो. कारण अणुरेणू सांगतील.

अणुरेणू
कारण उष्णतेत आहे, आणि त्याचं गणित इतकं सोपं आहे की सगळ्यांनी करून पाहावं.

आधी छिद्रं कुठून येतात ते बघू. १०० किलो मॅग्नेटाइटमध्ये २७.६ किलो ऑक्सिजन असतो. तो हायड्रोजनने काढला तरी खड्याचा आकार जवळजवळ तसाच राहतो. मॅग्नेटाइटने जेवढी जागा व्यापली होती तिच्या निम्म्याहून कमी जागा उरलेलं लोखंड घेतं. बाकीची सगळी पोकळी. त्या पोकळ्यांच्या भिंती धरल्या तर एका ग्रॅमला १० ते २० चौरस मीटर पृष्ठभाग पडतो. खिळ्याचा पृष्ठभाग याच्यापुढे नगण्य.

इथे एक गंमत बघा. लोखंडाचं मॅग्नेटाइट होताना आकारमान २.१ पट होतं. विटासळईंच्या सळईवर पाणी धरलेला गंज तर त्याहून फुगतो आणि काँक्रीट फोडतो. हाच आकडा उलटा फिरवला की कॅटॅलिस्टची छिद्रं मिळतात. तिथे जे घर पाडतं, त्याच्यावर इथे खत बनतं!

आता कवच. प्री-रिड्यूस्ड मालात साधारण दोन टक्के ऑक्सिजन परत दिलेला असतो. म्हणजे १०० किलोत दोन किलो, आणि तो सुमारे सव्वापाच किलो लोखंड बांधतो. एक किलो लोखंड पूर्ण मॅग्नेटाइट झालं तर ६.७ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता सुटते. त्यातलं पाचेक टक्केच झालं असं धरलं तरी किलोमागे ३५० किलोज्यूल. ही उष्णता बाहेर पडूच दिली नाही तर खडा ६००-७०० अंशांनी तापेल. नुसतं संरक्षक कवच चढवताना! आणि ऐरण यांनी सांगितलंच आहे की त्या तापमानाला थर अडवत नाही, कीट होत जातो. खिळ्यावरही असंच कवच येतं, पण त्याचा पृष्ठभाग इतका कमी की उष्णता आत कुठे गेली ते समजतही नाही.

म्हणून कारखान्यात कवच हळू चढवतात. नायट्रोजनचा प्रवाह, त्यात सुरुवातीला हवा अगदी थोडी, ऑक्सिजन टक्क्याच्या अंशात. खड्यांचं तापमान वाढू लागलं की हवा कमी करायची, स्थिर झालं की किंचित वाढवायची. शेवटी पूर्ण हवा दिली तरी तापमान हलत नाही, तेव्हा माल ड्रमात भरायचा. हा संयम म्हणजेच पॅसिव्हेशन. पण लक्षात ठेवा, हवेतच तो शंभर अंशांच्या आसपास तापला तर कवच पुरं पडत नाही.

किहीमचा_वारा
सर, आता खरंच कळलं. मग ड्रम उन्हात ठेवू नका, झाकणं उघडी टाकू नका, असं सीनियर ओरडत होते ते याचसाठी. पण एवढी यातायात करून चढवलेलं कवच आम्ही कन्व्हर्टरमध्ये परत काढणारच ना? सरळ साधाच माल का नाही भरत?

स्टीमट्रॅप
याचं उत्तर मी देतो, शटडाउन बरेच पाहिलेत. पाण्यासाठी. साध्या मालाच्या एका टनातून रिडक्शनमध्ये, म्हणजे हायड्रोजनने ऑक्सिजन काढताना, पावणेतीनशे-तीनशे किलो पाणी निघतं. प्री-रिड्यूस्डच्या टनातून वीस-बावीस किलो. आणि हेच पाणी नव्या लोखंडाचं विष आहे. वरच्या थरात निघालेली वाफ खालच्या तयार लोखंडावरून गेली की ते परत ऑक्साइड होतं, परत रिड्यूस होतं, आणि या ये-जा करण्यात कण मोठे होऊन पृष्ठभाग घटतो. म्हणून तापमान धीराने चढवायचं, बाहेर पडणाऱ्या वायूतल्या बाष्पावर डोळा ठेवायचा. साध्या मालाला यात कित्येक दिवस जातात.

बऱ्याच ठिकाणी कन्व्हर्टरच्या पहिल्या बेडमध्ये (कॅटॅलिस्टच्या थरात) प्री-रिड्यूस्ड भरतात आणि खालच्या बेडमध्ये साधा. पहिला बेड लवकर जागा होतो, अमोनिया बनू लागतो, आणि त्या क्रियेची उष्णता खालच्या बेडच्या रिडक्शनला मिळते. महाग माल थोडाच लागतो. तुमच्याकडे दोन प्रकारचे ड्रम आहेत ते यासाठीच असणार.

अवांतर: शेजारच्या एचटी शिफ्टमध्ये, म्हणजे जिथे कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून हायड्रोजन बनतो त्या भांड्यात, गोष्ट उलटी असते. तिथे लोखंडाचं ऑक्साइड हाच कॅटॅलिस्ट. लाल हेमॅटाइट म्हणून येतो, क्रोमियमचं ऑक्साइड जोडीला, आणि चालताना मॅग्नेटाइट होतो. वाफ कमी पडली तर तो पुढे जाऊन धातूचं लोखंड बनतो आणि मिथेन, कार्बन असले नको ते उद्योग सुरू करतो. एकाच विभागात एका भांड्यात ऑक्साइड नको म्हणून धडपड, दुसऱ्यात ऑक्साइड टिकावं म्हणून.

बॉयलरवाला
स्टीमट्रॅप, जुना माल काढतानाचं पण सांगा. नवीन मुलांना भरण्याचं शिकवतात, काढण्याचं कुणी शिकवत नाही.

स्टीमट्रॅप
बरोबर बोललात. वापरून झालेल्या मालावर कवच नसतं, तो उघडं लोखंड आहे. एक पद्धत म्हणजे भांडं उघडण्याआधी आतच, नायट्रोजनमध्ये थोडी थोडी हवा सोडून त्याला कवच द्यायचं. वेळ जातो, आणि आतल्या सगळ्या कोपऱ्यांत कवच बसलंच याची खात्री कधीच शंभर टक्के नसते. दुसरी पद्धत नायट्रोजनखालीच माल ओढून काढायची. बाहेर आल्यावरही तो सुका, वेगळा, पसरून ठेवतात, जवळ जळणारं काही नको. थंड झालेला ढीग तासांनंतर परत धगधगलेला मी पाहिलाय.

आणि किहीमचा_वारा, एक गोष्ट माझ्या शब्दांत लिहून ठेवा. नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो, गुदमरतंय हे कळायच्या आत माणूस खाली बसतो. आत जाणारा माणूस बाहेरून हवा मिळणाऱ्या मास्कमध्ये, दोरीला बांधलेला, आणि मॅनहोलवर दुसरा माणूस फक्त त्याच्याकडे बघत. 'नुसतं डोकावून येतो' म्हणणाऱ्याला हाताला धरून मागे खेचा, मग तो तुमचा साहेब असला तरी.

किहीमचा_वारा
लिहून घेतलं, आणि आमच्या शिफ्टच्या ग्रुपवर टाकतोय. उद्या ड्रमांची जागाही बघतो. सध्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत आणि एका बाजूने पावसाची झड येते. पूर्ण बंद, कोरड्या गोदामात हलवायला सांगतो. कुठल्या बेडमध्ये कुठला माल जाणार ते भरणीचा आराखडा पाहून इथे कळवतो.